साहेबांचे केस दोन दिवस उन्हात

सोमवार, ५ फेब्रुवारी

ही वही मला केसवाल्या बाईंनी दिली. त्यांचं काम मोठं आहे आणि हुद्द्याचं नाव कामाहून मोठं आहे, पण इस्पितळात सगळे त्यांना केसवाल्या बाईच म्हणतात. माणसाच्या अंगावर किती किरण पडले ते त्याच्या केसांवरून सांगता येईल का, याचा त्या शोध घेतायत. तपासायचं यंत्र त्यांच्याकडे, केस लोकांच्या डोक्यावर, आणि मधला माणूस मी. इस्पितळाचा न्हावी. एकतीस वर्षं ऑपरेशनच्या आधी पेशंटची सफाई करतोय, आजवर कुणाला वस्तऱ्याचा ओरखडा नाही.

"जे कराल ते सगळं यात लिहा," बाई म्हणाल्या. "क्षुल्लक वाटलं तरी लिहा. काही गाळू नका." आता नका म्हटल्यावर मी कशाला गाळतोय? आमची ही म्हणते, तुमच्या तोंडून एखादी गोष्ट गाळून निघाली तर मी चाळणी घेऊन शोधायला येईन.

मग बाई सूचना सांगू लागल्या. मानेवरचे केस घ्यायचे, कातडीच्या अगदी लगत कापायचे, मुळाच्या बाजूला लाल दोरा बांधायचा. पुढेही बरंच काही सांगत होत्या. "समजलं, समजलं," मी म्हणालो. एकतीस वर्षांनंतर मला केस कापायला शिकवणार का? त्यांनी सूचनांचा छापील कागदही दिला. माझ्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे. चार घड्या घातल्यावर कागद त्याखाली असा काही फिट बसला की विचारू नका. खुर्ची आता अजिबात डुगडुगत नाही. सरकारी कागदाचा इतका चांगला उपयोग मी पहिल्यांदाच पाहिला.

दुपारी तळघरात गेलो. आमची मुलगी तिथे मशीनवर असते. गाठीवर किरण सोडतात ते मशीन. पेशंट त्याला लाईट घेणं म्हणतात. ती आज सकाळी अर्धा दिवस काम करून चार दिवसांच्या प्रशिक्षणाला बाहेरगावी गेली. आणि तिचा पांढरा कोट? बाहेरच्या खुर्चीवर, बोळा करून टाकलेला. खिशाला बॅज तसाच लटकलेला. बॅज म्हणजे ती छोटी डबी, महिनाभरात अंगावर किती किरण आले ते मोजते. लहानपणापासून कानीकपाळी ओरडतोय की कपडा जागच्या जागी टांगावा, पण पालथ्या घड्यावर पाणी.

मशीनच्या खोलीच्या दाराशी जमिनीवर तांबडी रेघ आहे आणि 'यापुढे परवानगीशिवाय येऊ नये' अशी पाटी. पाट्या पेशंटसाठी असतात. मशीन बंद होतं, मंडळी चहाला गेली होती. आत भिंतीवर पेशंटांचे जाळीचे मुखवटे टांगलेले असतात. उपचार चालू असताना डोकं हलू नये म्हणून चढवतात ते. त्या रांगेत एक खुंटी रिकामी होती, बरोबर मशीनच्या तोंडासमोर. तिथे कोट टांगला. कॉलर ताठ, बटणं गळ्यापर्यंत लावलेली, बॅज सरळ. चार दिवस इस्त्री टिकेल.

आज नमुना एकही नाही. पण काम चोख झालं.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

पहिले सहा नमुने घेतले. किरणांच्या जवळ काम करणारे आणि लांब काम करणारे, दोन्ही हवेत, म्हणजे तुलना करता येते.

बाईंनी नमुने ठेवायला काळी पाकिटं दिलीत. मळ दिसू नये म्हणून असणार. पण माझ्या हातून मळके केस शास्त्रज्ञांकडे गेले तर लोक मला काय म्हणतील? म्हणून प्रत्येक बट साबणाने धुतली, टॉवेलवर ठेवून खिडकीतल्या उन्हात वाळवली आणि मगच पाकिटात घातली. बाईंनी सगळं लिहायला सांगितलंय, म्हणून लिहितो: वॉर्डातली मावशी, साबण एकदा, ऊन एक तास. दारावरचा रखवालदार, साबण दोनदा, ऊन दोन तास. त्याच्या डोक्यात तेल इतकं की दिवा लावावा. भूल देणारे डॉक्टर, शाम्पू, ऊन तीन तास. ज्याचा जसा मान तसं ऊन.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

मोठ्या साहेबांचा नमुना परवा घेतला, आज पाकिटात घातला.

मोठे साहेब म्हणजे इस्पितळाचे मालक नाहीत, पण चालतात तसे. त्यांच्या डोक्यावर केस कमी आणि अधिकार जास्त. डाव्या कानावरचे केस लांब वाढवून ते उजव्या कानापर्यंत नेतात आणि वाटेत कुणी बघत नाही असं समजतात. मानेवर मात्र बरे आहेत. "उस्ताद, जपून कापा," ते म्हणाले. "बापजाद्यांची ठेव आहे."

अशा माणसाचे केस मावशीच्या रांगेत कसे ठेवायचे? दोनदा शाम्पू, मग गरम हवेचा ड्रायर, मग पूर्ण दोन दिवस ऊन. दर तासाला जाऊन उलटत होतो. असे चमकले की मलाच हेवा वाटला.

रविवार, ११ फेब्रुवारी

मुलीचा नमुना राहिला होता. सकाळी तिला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं. ती पाळण्यात होती तेव्हापासून तिचे केस मीच कापतोय, दुसऱ्या न्हाव्याची कात्री लागू दिलेली नाही. मानेवरची बारीक बट लगतून कापली, लाल दोरा बांधला.

"बाबा, माझा कोट तुम्ही टांगलात ना?" तिने विचारलं.

"मग काय, तसाच लोळू देऊ?"

"गळ्याचं बटण लावलेलं बघितलं आणि ओळखलं. कधी टांगलात?"

"सोमवारी दुपारी. तू गेल्यावर लगेच."

"आणि बॅज कोटावरच होता?"

"मी कशाला काढू? मी दुसऱ्याच्या वस्तूला हात लावत नाही."

तिने मानेवरचे केस झटकले. मग म्हणाली, "पुढच्या वेळी आत जाऊ नका, बाबा." आभार राहिले बाजूला. हल्लीच्या मुलांचं काही करायला जाऊ नये.

तेवढ्यात हिने गॅसची टाकी बदलायला हाक मारली, म्हणून बट काळ्या पाकिटात घालून या वहीत ठेवली. उद्या धुवीन.

सोमवार, १२ फेब्रुवारी

बाईंचा माणूस सकाळीच नमुने न्यायला आला आणि गडबडीत मुलीची बट न धुताच गेली. सगळ्या दुनियेचे केस लखलखीत आणि स्वतःच्या लेकीचे जसेच्या तसे. फार लाज वाटली.

शुक्रवार, ९ मार्च

महिनाभर लिहिण्यासारखं काही नव्हतं. आज आहे.

फेब्रुवारीच्या बॅजांचा निकाल आला. मुलीच्या बॅजवर वर्षाला जेवढे किरण चालतात त्याच्या वीसपट निघाले. एका महिन्यात. मोठ्या साहेबांनी तिला उभ्या उभ्या मशीनवरून काढून फायलींच्या टेबलावर बसवलं. पुढच्या महिन्यात नवीन मशीन येतंय, त्याची प्रमुख तीच होणार होती. आता २६ तारखेला समिती बसेल आणि ठरवेल. किरण खरंच तिच्या अंगावर पडले असतील तर ती पुन्हा मशीनजवळ जायची नाही.

तिने लिहून दिलंय की बॅज आपल्या विसरभोळेपणामुळे खोलीत राहिला असावा. साहेब म्हणाले, "असं सगळेच म्हणतात. पुरावा काय?" रक्त तपासायला पाठवलंय, पण त्याचा निकाल यायला दोन महिने. तोवर नवीन मशीनवर दुसराच कुणीतरी बसलेला असेल.

केसवाल्या बाई स्वतः घरी आल्या. म्हणाल्या, "माझी पद्धत अजून प्रयोगात आहे, कुणी मान्य केलेली नाही. पण हिचे केस माझ्याकडे आहेत. इतके किरण खरंच पडले असतील तर केसांत खुणा असतील. नसतील तर निदान समितीपुढे ठेवायला काहीतरी होईल."

मी हसत हसत म्हणालो, "आमच्या घराण्याचे केस खोटं बोलत नाहीत." त्या गेल्यावर मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत बसलो. मी घाबरलोय. लाईट घेणाऱ्या पेशंटांचे केस मीच काढतो. फणी फिरवली की झुपकेच्या झुपके येतात. त्यातली एक बाई मागच्या आठवड्यात मला म्हणाली, "काका, सगळेच काढा, रोज थोडं थोडं रडायचा कंटाळा आलाय." आज सारखी तीच डोळ्यांसमोर येतेय.

सोमवार, १२ मार्च

मुलगी अंघोळीला गेली की मी तिच्या फणीतले केस मोजतो. शनिवारी नऊ, काल अकरा, आज एकही नाही. हिला म्हटलं, "बघ, गळायचे थांबले." ती म्हणाली, "बरं झालं बाई," आणि कागदाचा बोळा कचऱ्यात टाकायला मागच्या दारी गेली.

जेवताना मी मुलीला चार शब्द सुनावले. मनात नव्हतं, पण काळजीने जीभ सैल सुटते. म्हटलं, "याच्या मुळाशी काय आहे सांगू? अव्यवस्थितपणा. कोट बोळा करून खुर्चीवर टाकायचा, बॅज कुठे आहे त्याचा पत्ता नाही. तो कोट वेळच्या वेळी खुंटीला लागला असता तर ही वेळ आली असती का?"

तिने घास गिळला. म्हणाली, "खरंय बाबा." एरवी एकाला दहा उत्तरं देणारी मुलगी. पोरगी खचलीय, दुसरं काय. ही मात्र माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी ताटात सांडलंय.

शुक्रवार, १६ मार्च

केसांचा निकाल आला. बाई यादी घेऊन माझ्या खोलीत आल्या, दार लावलं आणि म्हणाल्या, "मला काही कळत नाहीये."

यादीत सर्वांत खाली, म्हणजे सर्वांत कमी खुणा, आमच्या मुलीच्या केसांत. मी खुर्चीवर बसलोच. आनंदाने डोळे भरून आले, हे लिहायला मला लाज नाही.

"थांबा, वर बघा," बाई म्हणाल्या. वर पहिल्या क्रमांकावर मोठे साहेब. किरणांनी पार भाजून निघाल्यासारखे. त्यांच्या खाली भूल देणारे डॉक्टर, मग रखवालदार, मग मावशी. "साहेब तळघरात आयुष्यात गेलेले नाहीत," बाई म्हणाल्या. "यादी वरपासून खोटी असेल तर खालचा आकडा खरा कसा मानायचा? तुमच्या मुलीच्या बाजूने मी हा कागद समितीपुढे ठेवू शकत नाही."

मी म्हटलं, साहेबांचा काही भरवसा नाही, कुठेतरी चोरून जात असतील. बाई हसल्या नाहीत.

सोमवार, १९ मार्च

यादी फुटली. कशी फुटली मला माहीत नाही. मी फक्त मावशीला सांगितलं होतं.

मोठे साहेब चारचौघांत म्हणतात, "केसांवरून किरण? उद्या नखांवरून पगार ठरवतील. निव्वळ थोतांड आहे." ओठात हे आणि पोटात वेगळंच. सकाळपासून ते आपल्या खोलीत शिशाचा जाड एप्रन घालून बसलेत, एक्स-रेवाले घालतात तो. चहा गरम करायच्या मायक्रोवेव्हची तार उपटून टाकलीय. दुपारी मला बाजूला घेतलं. "उस्ताद, खरं सांगा, माझे केस गळतायत का?"

गळायला आधी हवेत, हे उत्तर जिभेवर आलं होतं. पण त्यांचा चेहरा इतका पडलेला होता की म्हटलं, "साहेब, एकही हललेला नाही." त्यांनी माझा हात घट्ट धरला. त्या माणसाची प्रथमच दया आली. आमच्या घरात गेले दहा दिवस हीच भीती मुक्कामाला आहे.

बुधवार, २१ मार्च

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी केलंय. शांतपणे लिहितो.

साहेब सकाळी डोकं तपासून घ्यायला माझ्या खोलीत आले, एप्रनसकट. खुर्चीत बसले मात्र, एवढ्या शिशाच्या वजनाने खुर्ची मागे कलली आणि आखूड पायाखालचा कागद बाहेर सरकला. साहेबांना सावरलं, डोकं तपासलं, सगळे केस हजर असल्याचं सांगून पाठवलं. मग कागद पुन्हा खाली सारायला उचलला आणि एका घडीवर माझा डोळा गेला: 'ऊन'.

कागद उलगडून वाचला. नमुना धुऊ नये. साबण, तेल, शाम्पू लावू नये. उष्णता देऊ नये. कापताक्षणी काळ्या पाकिटात घालावा, कारण उजेडाने, विशेषतः उन्हाने, केसांत किरणांसारख्याच खुणा उमटतात.

ही काही मळ झाकायची पाकिटं नव्हती तर.

म्हणजे सगळ्यांच्या केसांवर मी सूर्य ओतला, आणि जो जितका मोठा त्याच्यावर तितका जास्त. एकटी मुलगी वाचली, कारण तिची बट मी विसरलो. बाईंनी वर्षभर खपून उभं केलेलं काम मी चकाचक धुऊन टाकलं, आणि लेकीच्या बाजूने बोलणारी एकच गोष्ट होती तिला खोटं पाडलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. दिवसभर कुणाशी बोललो नाही. मावशीने विचारलं, बरं नाही का? एवढं नवल मी गप्प बसण्याचं.

गुरुवार, २२ मार्च

सकाळी बाईंकडे गेलो. दारातूनच सांगून टाकलं, नाहीतर पाय मागे फिरले असते. साबण, शाम्पू, ड्रायर, टॉवेल, खिडकी. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आता आपली बिनपाण्याने होणार, हे मी ओळखलं.

"कुणाचे केस किती वेळ उन्हात होते, काही आठवतंय?" त्यांनी विचारलं.

"आठवायचं कशाला? लिहिलंय. तुम्हीच म्हणालात काही गाळू नका."

मी वाचत गेलो आणि त्या आपल्या यादीवर बोट फिरवत गेल्या. मावशी एक तास, रखवालदार दोन, डॉक्टर तीन, साहेब ड्रायर आणि दोन दिवस. एकूण एक नमुना उन्हाच्या तासांप्रमाणे ओळीने लागला. बाई उठून उभ्याच राहिल्या. "अहो, यंत्र बरोबर आहे. त्याने तुमचं ऊन मोजलं." मग त्या हसायला लागल्या ते डोळे पुसेपर्यंत. ओरडल्या असत्या तर मला जास्त बरं वाटलं असतं.

त्यांनी स्वतः खाली जाऊन मुलीचे आणि आणखी पाच जणांचे नवे नमुने घेतले. मला कात्रीला हात लावू दिला नाही. संध्याकाळपर्यंत तपासले. मुलीचे केस इतर पाच जणांसारखेच निघाले. तिच्या अंगावर ते किरण पडलेले दिसत नाहीत.

मी हिला फोन करायला निघालो, तर बाई म्हणाल्या, "अजून अर्धं राहिलंय. केस म्हणतात अंगावर पडले नाहीत. मग समिती विचारणार, बॅजवर आले कुठून? तुमची मुलगी 'असावा' म्हणते. हे 'असावा' कुणीतरी 'होता' करून दाखवलं पाहिजे. आणि हो, सोमवारी ही वही समितीपुढे लागेल. उन्हाचा पुरावा हीच आहे."

ही वही. साहेबांच्या केसांचं आणि अधिकाराचं जे काही लिहिलंय त्यासकट.

शनिवार, २४ मार्च

ठरलं असं की नोंदी एका नव्या वहीत स्वच्छ उतरवायच्या आणि साहेबांबद्दलचा मजकूर वगळायचा. मुलगी वाचून दाखवणार, मी लिहिणार. जेवणाच्या टेबलावर बसलो, ही शेजारी भाजी निवडत होती.

"सहा तारखेपासून सुरू करा," मुलगी म्हणाली.

"पाच का नको?"

"पाचला नमुना एकही नाही."

"पण सूचनांचा कागद खुर्चीखाली गेला तो पाचलाच. उगम तिथेच आहे."

"बाबा, ते पान राहू द्या ना."

तिने पान अंगठ्याखाली दाबून धरलं होतं. हिची भाजी निवडायची थांबली. मी वही ओढून घेतली आणि माझंच अक्षर वाचलं. बरोबर मशीनच्या तोंडासमोर. बॅज सरळ. चार दिवस.

पुन्हा वाचलं. मग पुढची पानं उलटली आणि बारा मार्चला जेवताना मी तिला काय काय सुनावलं होतं, तेही वाचलं.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"गळ्याचं बटण लावलेलं बघितलं तेव्हापासून. म्हटलं, थोडेसे येतील बॅजवर. वीसपट येतील असं नव्हतं वाटलं."

"आणि तुला?" मी हिला विचारलं.

"मला तिने निकालाच्या दिवशी सांगितलं," ही म्हणाली. "तुमचा उपदेश चालू होता तेव्हा भाताचं पातेलं डोक्यात घालणार होते."

"अगं पण बोलायचं ना. चोर सोडून संन्याशाला फाशी देतायत आणि संन्यासी खुशाल मान पुढे करतोय."

मुलगी म्हणाली, "सांगितलं असतं तर त्याच दिवशी तुम्हाला काढलं असतं. परवानगी नसताना रेघ ओलांडलीत तुम्ही. आणि बॅज काढून न ठेवता मी गेले होते, म्हणजे निम्मी चूक माझीच. शिवाय तुम्ही घरी बसला असतात तर काय केलं असतं? माझे सगळे कोट टांगले असते."

मी हसायला गेलो आणि रडायला लागलो. गाळायचं नाही म्हणून लिहितो, चांगला हुंदके देऊन रडलो. ही मुलगी पंधरा दिवस माझी चूक अंगावर घेऊन फिरली आणि वर माझा उपदेशही ऐकून घेतला. मी मात्र तिच्या फणीतले केस मोजत बसलो होतो.

ते पान काढून टाकणं कठीण नव्हतं. वस्तरा हाताशीच असतो, शिवणीलगत असं कापलं असतं की कुणाला पत्ता लागला नसता. कापलं असतं तर माझं काम राहिलं असतं आणि तिचं गेलं असतं. मी नवी वही बंद केली. म्हटलं, हीच नेणार, आहे तशी.

"त्यात साहेबांचे केस आहेत," ती म्हणाली.

"असू देत. त्यांनाही कळू दे की कुणीतरी बघतं."

सोमवार, २६ मार्च

समितीत चार माणसं आणि मोठे साहेब. साहेबांनी एप्रन काढला होता, कारण बाईंनी आधी उन्हाचं समजावलं. त्यांचा जीव भांड्यात पडला, पण माझ्याकडे बघायला तयार नव्हते.

मुलगी दाराशी उभी होती. मी पाच तारखेचं पान उघडून वाचायला लागलो, तर आवाज फुटेना. एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं. साहेबांनी हात पुढे करून वही घेतली आणि स्वतः वाचली. तांबडी रेघ. पाट्या पेशंटसाठी असतात. मुखवट्यांच्या रांगेतली खुंटी. समितीतल्या एकाने खाली जाऊन खुंटी मोजून आणली, मशीनच्या तोंडाच्या अगदी समोर निघाली. तळघरातल्या दोघांनी सांगितलं, हो, कोट चार दिवस तिथेच होता, आम्हाला वाटलं तिनेच टांगलाय.

"म्हणजे बॅज आत होता," समितीतला एक जण म्हणाला.

"होता," मी म्हणालो. "मीच टांगला. तिचा काही संबंध नाही. काय करायचं ते मला करा."

एवढ्यावर वही मिटायला हरकत नव्हती. पण साहेबांनी पान उलटलं. मग आणखी एक. नऊ फेब्रुवारीला ते थांबले, आणि मला वाटलं, संपलं. त्यांनी ती ओळ मोठ्याने वाचली. "केस कमी आणि अधिकार जास्त." साहेबांचा हात आपोआप डाव्या कानाकडे गेला आणि अर्ध्या वाटेवरून परत आला.

"ही नोंद," ते म्हणाले, "तपासाच्या दृष्टीने गैरलागू आहे. पुढे चला."

शुक्रवार, ३० मार्च

वही आज परत मिळाली, पानापानावर इस्पितळाचा शिक्का मारून. निर्णयाचा कागद आत होता. मुलीला बॅज न काढता गेल्याबद्दल आणि खरं न सांगितल्याबद्दल लेखी ताकीद, आणि सोमवारपासून मशीनवर रुजू. नवीन मशीन आलं की तिच्याकडेच. रक्ताचा निकाल यायचाय. बाई म्हणतात तोही हेच सांगेल. मला तांबड्या रेघेच्या दहा पावलं अलीकडपासूनच कायमची बंदी. वॉर्डातलं काम चालू. ती खुंटी भिंतीतून उपटून काढली आणि निर्णयासोबत मला पाठवून दिली. साहेबांच्या अंगात विनोद आहे, हे मला माहीत नव्हतं.

दुपारी ते कटिंगला आले. खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "कमी आहेत, उस्ताद. जपून कापा. आणि धुऊ नका."

डाव्या कानावरचे ते लांब केस त्यांनी पहिल्यांदाच कापू दिले. माणूस बराच बरा दिसतो.

संध्याकाळी मुलगी घरी आली. नवा कोट मिळालाय, बॅज मात्र मशीनच्या खोलीबाहेरच्या खणात ठेवून आली, हे तिने मला न विचारता सांगितलं. मग कोट काढला आणि बोळा करून दारातल्या खुर्चीवर फेकला. एक बाही जमिनीला लागतेय, कॉलर उलटी झालीय. खुंटी माझ्या खिशात आहे. ही आतून बघतेय मी काय करतो ते.

मी लिहीत बसलोय. कोट खुर्चीवर आहे. राहू दे.